बागेतील पाखरांची दोन नावे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा छापील स्वरूपात आपल्या हाती दिलेला आहे, म्हणून मी तो पुन्हा वाचून दाखवणार नाही. आज मी आपल्याशी बोलणार आहे ती या बडोदे शहरातील सयाजीबागेविषयी आणि तिथे वस्ती करून असलेल्या पाखरांविषयी. विषय प्रसंगाला सोडून वाटेल. परंतु गेली काही वर्षे आपल्या शाळेविषयी मला जे प्रश्न पडले, त्यांतील निम्म्यांची उत्तरे मला वर्गात मिळाली नाहीत, ती या बागेत मिळाली.

आपल्यापैकी प्रत्येकाची या बागेशी काही ना काही ओळख आहे. जुनी मंडळी तिला आजही कमाटीबागच म्हणतात. काळ्या घोड्यापाशी उतरायचे, फाटकातून आत शिरायचे, संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा पाहायचा, प्राणिसंग्रहालयात वाघासमोर उभे राहायचे, शेंगदाणे खायचे आणि घरी यायचे, ही आपली सर्वांची बालपणीची सहल. पिंजऱ्यातील पक्षी आपण तिकीट काढून पाहिले. पिंजऱ्याच्या छतावर बसलेला पक्षी मात्र सहसा कुणी पाहिला नाही. मीही त्यांतलीच होते.

ही बाग 1879 साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी निर्माण केली, तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून 1875 मध्ये दत्तक म्हणून आलेला हा मुलगा राजवाड्यात मराठी शिकला, गुजराती शिकला, उर्दू आणि इंग्रजीही शिकला. पुढे 1906 साली त्यांनी आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण दरवर्षी त्यांच्या जयंतीला मुलांना सांगतो. मला मात्र त्या चार भाषांचे अधिक अप्रूप वाटते. मराठी घरात जन्मलेल्या आणि गुजराती रयतेवर राज्य करणाऱ्या या राजाने दोन्हीपैकी एक भाषा टाकून दिली नाही. आपली शाळा त्याच वारशावर उभी आहे.

आता मूळ विषयाकडे येते. काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक पालक माझ्यापुढे बसले होते. अतिशय सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, “बाई, रागावू नका, पण एक विचारतो. गुजरातमध्ये राहून मराठीत शिकून माझी मुलगी पुढे काय करणार?” हा प्रश्न मी पूर्वीही ऐकला होता आणि माझ्याजवळ त्याचे ठरलेले उत्तर होते. मातृभाषेतील शिक्षण, आकलन, संस्कार, असे सगळे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, नमस्कार केला आणि मुलीचे नाव दुसऱ्या शाळेत घातले. त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो माझ्या उत्तराचा. कारण त्यात माझे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही महिन्यातून एका रविवारी सहावी-सातवीची मुले घेऊन सकाळी सात वाजता बागेत जाऊ लागलो. उद्देश साधा होता. विज्ञानाच्या पुस्तकात पक्ष्यांचा धडा होता आणि मुलांना कावळा, चिमणी, पोपट आणि मोर यांपलीकडे पाचवा पक्षी सांगता येत नव्हता. खरे सांगायचे तर मलाही सात-आठांच्या पुढे जाता येत नव्हते. आमच्याजवळ एक दुर्बीण, ग्रंथालयातील मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ आणि एका गुजराती शिक्षिकेने प्रेमाने दिलेली लालसिंह राओल यांची पुस्तके, एवढेच साहित्य होते.

पहिल्याच रविवारी एका जुन्या वडाखाली ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एकसुरी ठोका ऐकू आला. आवाज कधी डावीकडून येतोय असे वाटे, कधी उजवीकडून. बऱ्याच वेळाने शेंड्यावर चिमणीएवढा हिरवा पक्षी दिसला. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. गाताना तो चोच उघडत नाही, गळा फुगवतो आणि मान फिरवत राहतो. म्हणून आवाजाची दिशा कळत नाही. मी ‘पक्षीकोशा’त पाहून सांगितले, “हा तांबट.” लगेच एक मुलगा म्हणाला, “बाई, माझी नानी याला कंसारो म्हणते.” त्या मुलाचे वडील मराठी आणि आई गुजराती.

पालकहो, त्या क्षणी आम्ही सगळेच थोडे थांबलो. तांब्याची भांडी ठोकणारा तांबट, आणि काशाची भांडी घडवणारा कंसारो. दोन प्रांतांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच ठोका ऐकला आणि दोघांनाही आपापल्या गावचा भांडी घडवणारा कारागीर आठवला! आज आपल्या मुलांनी ना तांबट आळी पाहिली आहे, ना कंसाराचे दुकान. तो ठोका आता त्यांना ऐकू येतो तो केवळ या पाखराच्या गळ्यातून. त्या दिवसापासून आमच्या वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे दोन रकाने आखले गेले, एक मराठी नावाचा आणि एक गुजराती नावाचा.

ते रकाने भरताना जी गंमत येते, ती आपल्यालाही थोडी चाखवते. पानांच्या कडा शिवून घरटे करणारा तो आपला शिंपी आणि गुजरातीत दरजीडो. इथे दोन्ही भाषांचे एकमत. हिरवळीवर डोक्यावरचा तुरा उघडत-मिटत फिरणारा हुदहुद. त्याचे हे नाव त्याच्या आवाजावरून पडलेले. गुजरातीत मात्र तो घंटीटांकणो, म्हणजे जात्याला टाकी लावून देणारा. तो लांब वाकडी चोच जमिनीत पुन्हा पुन्हा खुपसतो, ते पाहून कुणा गृहिणीला दारावर येणाऱ्या टाकीवाल्याची आठवण झाली असणार. मराठी माणसाने त्याचा आवाज ऐकला, गुजराती माणसाने त्याचे काम पाहिले. दोन्ही नावे ठाऊक असलेला मुलगा त्या पक्ष्याला ऐकतोही आणि पाहतोही.

विश्वामित्रीच्या काठाने चालत गेलात, तर हिवाळ्यात शेपूट सतत वरखाली हलवणारा एक चपळ पक्षी दिसेल. आपण त्याला परीट किंवा धोबी म्हणतो, कारण पाण्याकाठी धुणे आपटणाऱ्या परटासारखी त्याची हालचाल. गुजरातीत तो दिवाळीघोडो. उत्तरेकडून निघालेला हा पाहुणा दिवाळीच्या सुमारास इकडे दिसू लागतो, आणि त्याच्या नावातच त्याच्या येण्याची तिथी लिहून ठेवली आहे! अशा नावांत केवढे निरीक्षण साठवलेले असते, हे मी एम. ए. करताना भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत वाचले होते. पण ते समजले मात्र पन्नाशीला येताना, नदीकाठच्या एका बाकावर बसून.

बागेतील सर्वांत गलबल्याची मंडळी म्हणजे सातभाई, गुजरातीत लेलां. मळकट करडा रंग, पिवळट डोळे आणि अखंड कलकल. सात-आठांच्या टोळीने पाचोळा उलथत ती फिरतात. एका जोडीची पिल्ले सारी टोळी मिळून वाढवते, हे पुस्तकात वाचल्यावर मुलांचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. आणि याच भोळ्या सातभाईंच्या घरट्यात चातक आपले अंडे घालून जातो! पावसाच्या पहिल्या थेंबासाठी तहानलेला म्हणून ज्याची आपण काव्यात पूजा केली, तो हा चातक पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो आणि आपले लेकरू दुसऱ्याच्या पदरात टाकतो. एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते, “चातकाबद्दलचे माझे मत थोडे खराब झाले आहे, पण त्याचा प्रवास चांगला आहे.” मी ते वाक्य तपासताना लाल शाईने काहीही दुरुस्त केले नाही.

धनेश आम्हांला तिसऱ्या वर्षी दिसला. गुजरातीत चिलोत्रो. राखी रंग, लांब शेपूट, बाकदार मोठी चोच आणि त्यावर लहानसे शिंग. वड-पिंपळाची फळे हे त्याचे मुख्य अन्न. विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेने आणि चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत ती आपली पिसेही झाडते. पुढे कित्येक आठवडे तिचे आणि पिल्लांचे पोट भरण्याचा सारा भार नरावर. याचा अर्थ असा, की धनेशाला घर करण्यासाठी म्हातारे, पोकळ झालेले झाड लागते. तांबटाला आणि पोपटालाही ढोलीच हवी. आपण मात्र वाळकी फांदी दिसली की ‘बाग स्वच्छ करा’ म्हणून ती तोडायला लावतो. नवी रोपे लावणे चांगलेच आहे. पण साठ-सत्तर वर्षांचे झाड पुन्हा उभे राहायला साठ-सत्तर वर्षेच लागतात. साठ वर्षांची शाळा चालवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

आता मी आपल्याला जे सांगणार आहे, ते सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला. ते गौरवाचे नाही.

बडोद्याची उत्तरायण आपल्याला ठाऊक आहे. चौदा जानेवारीला सारे शहर धाब्यावर असते. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात फिरकी, दुपारी उंधियू आणि चहूकडून ‘काप्यो छे’चा जल्लोष. मराठी संक्रांत आणि गुजराती उत्तरायण आपल्या घरांत एकाच दिवशी एकत्र नांदतात. आपल्या शाळेतही आदल्या दिवशी पतंग उडवण्याचा कार्यक्रम होत असे. त्या वर्षी मुलांचा उत्साह पाहून मी वेळ वाढवून दिली आणि कार्यक्रम सूर्यास्तापर्यंत चालला. मांजा मीच मागवला होता, गडद गुलाबी रंगाचा.

सोळा तारखेच्या सकाळी बागेत, नदीच्या बाजूच्या एका उंच झाडावर एक काळा शराटी उलटा लोंबकळताना मुलांनी पाहिला. शराटी म्हणजे गुजरातीतली काळी कांकणसार. कोयत्यासारखी चोच, खांद्यावर पांढरा पट्टा आणि डोक्यावर लाल टोपी. हे पक्षी दिवसभर शेतांत, उकिरड्यांवर आणि नदीकाठी चरतात आणि संध्याकाळी थव्याने ठरलेल्या झाडांवर परततात. आकाश पतंगांनी भरलेले असते, त्याच वेळी त्यांची घरी जायची वाट असते. त्याच्या पंखात मांजा रुतला होता. स्वयंसेवकांनी शिडी लावून त्याला उतरवले आणि उपचारांसाठी नेले. तिसऱ्या दिवशी तो गेल्याचे कळले.

त्याला उतरवताना तुटलेला दोरा एका मुलाने उचलला. तोच, ज्याची नानी तांबटाला कंसारो म्हणत असे. दोरा गुलाबी होता. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारले, “बाई, हा आपला तर नाही ना?”

मी म्हणाले, “अरे, साऱ्या गावात पतंग उडतात. कुणाचा दोरा, कसे सांगणार?”

माझे वाक्य खोटे नव्हते. तो दोरा कुणाचा, हे मला आजही ठाऊक नाही. परंतु त्या मुलाने मला दोऱ्याचा मालक विचारला नव्हता. त्याने विचारले होते, की हे आपल्या हातून झाले असू शकते का? आणि त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे होते. पस्तीस मुलांसमोर मी ते दिले नाही. संपूर्ण वर्ष ते उत्तर माझ्या मनात अडकून राहिले. पुढच्या जानेवारीत, पतंगांचा विषय निघण्याआधी, मी प्रार्थनेनंतर सर्व मुलांसमोर त्याला उभे केले आणि म्हणाले, “गेल्या वर्षी मी तुला अर्धेच उत्तर दिले. तो दोरा आपला असू शकत होता. कार्यक्रम सूर्यास्तापर्यंत चालवण्याची चूक माझी होती.” तो काहीच बोलला नाही. संकोचून खाली बसला. मधल्या सुट्टीत मात्र सातवीच्या मुलांनी मला एक कागद आणून दिला. त्यावर त्यांनी स्वतःच नियम लिहिले होते.

ते नियम आजही शाळेच्या फलकावर आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवायचा नाही, कारण ती पाखरांच्या जाण्या-येण्याची वेळ. नायलॉनचा किंवा काच लावलेला मांजा वापरायचा नाही. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 सालीच देशभर बंदी घातली आहे. तरी तो मिळतो, हे आपण सारे जाणतो. मिळतो म्हणून घ्यायचा नाही, एवढेच आपल्या हाती आहे. जखमी पक्षी सापडला, तर अडकलेला दोरा ओढायचा नाही. ओढल्याने तो अधिक रुततो. पक्ष्यावर अलगद कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचे, तोंडात बळेच पाणी घालायचे नाही आणि लगेच मदतकेंद्राला कळवायचे. राज्यभर दरवर्षी जानेवारीत चालणाऱ्या करुणा अभियानात यासाठी केंद्रे उघडलेली असतात. आणि शेवटचा नियम, वासी उत्तरायण संपली की सोळा तारखेला सकाळी बागेत आणि शाळेभोवती जाऊन झुडपांत, तारांवर आणि गवतात राहिलेला दोरा गोळा करायचा. सण संपतो, दोरा संपत नाही. तो पुढे कित्येक महिने पाखरांच्या पायांत अडकत राहतो.

पतंग आम्ही बंद केले नाहीत. मुलांच्या त्या कागदावर तसे लिहिलेले नव्हते, आणि मला ते योग्य वाटले. सण आपलाच आहे आणि पाखरेही आपलीच आहेत. दोघांपैकी एकाला हाकलून देणे सोपे असते. दोघांना एकत्र नांदवायचे, तर घड्याळाकडे आणि हातातल्या दोऱ्याकडे लक्ष ठेवावे लागते.

पालकहो, आता त्या सभ्य गृहस्थांचा प्रश्न पुन्हा घेते. गुजरातमध्ये राहून मराठीत शिकून मूल पुढे काय करणार? मूल पुढे काय करील, हे मी आजही सांगू शकत नाही. आपले माजी विद्यार्थी डॉक्टर झाले, व्यापारी झाले, परदेशी गेले, काही इथेच शिक्षक झाले. त्याचे सारे श्रेय मराठीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी एवढेच सांगू शकते, की जे मूल घरात एक भाषा आणि अंगणात दुसरी भाषा घेऊन वाढते, त्याला लवकर कळते की एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या दोन रीती असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. पिंगळा म्हटले की आपल्याला पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा आठवतो. चीबरी म्हटले की गुजराती आजीला अपशकुनाची धास्ती वाटते. दोन्ही ऐकलेला मुलगा दुर्बीण लावून पाहतो आणि म्हणतो, “बाई, हे तर टपोऱ्या डोळ्यांचे एवढेसे घुबड आहे, आणि ते आपल्यालाच घाबरले आहे!” अशी नजर ज्याला लाभली, त्याचे मराठी शाळेत वाया गेले असे मला वाटत नाही. ते गृहस्थ आज पुन्हा भेटले, तर मी त्यांना हेच सांगेन. कदाचित ते तरीही दुसऱ्या शाळेत जातील. पण निदान उत्तर माझे असेल.

आपल्या शाळेची पटसंख्या पूर्वीइतकी नाही, हे आपल्या हातातील अहवालात स्पष्ट लिहिले आहे. मी ते लपवणार नाही आणि त्याचा शोकही करणार नाही. आज आपण माझ्याकडून देणगीच्या आवाहनाची अपेक्षा करत असाल. ते काम आमचे कोषाध्यक्ष माझ्यापेक्षा चांगले करतील. मी निराळेच काही मागते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काळ्या घोड्याच्या बाजूच्या फाटकापाशी जमतो. आपण या. मुलांना घेऊन या, नातवंडांना घेऊन या. आपल्या आजीच्या तोंडी एखाद्या पाखराचे निराळे नाव असेल, कोकणातले, खानदेशातले, तंजावरकडचे, इंदूरकडचे, तर ते आठवून आमच्या वहीत लिहा; आम्ही तिसरा रकाना आखू. जे दूर राहतात, त्यांनी आपापल्या गावच्या बागेत जे दिसेल ते पत्राने कळवावे. ती वही आता एक राहिलेली नाही, ग्रंथालयात तिचे एक कपाट झाले आहे. सर्वांत जुन्या वहीत सोळा जानेवारीच्या पानावर त्या मुलाच्या अक्षरात एवढेच लिहिले आहे : “काळा शराटी. काळी कांकणसार. एक.” त्यापुढील शेरा त्याने मोकळा सोडला आहे.

गेल्या सोळा जानेवारीला आम्ही पुन्हा त्याच झाडाखाली गेलो होतो. मुलांनी तीन पिशव्या भरून दोरा गोळा केला. संध्याकाळी काही मुले थांबली. साडेसहाच्या सुमारास शराटींचा थवा नदीवरून आला, झाडाभोवती एक फेरी घालून बसला. मुलांनी मोजणी केली. कुणी बावीस म्हणाले, कुणी चोवीस. वाद मिटला नाही. वहीत दोन्ही आकडे लिहिले आहेत.

 रविवारी भेटू.